वाचकांचे प्रश्न : म्हणणं दिल्लीपर्यंत न्यायचं कसं?

प्रश्न : आमचं गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जंगलाच्या कडेला आहे. पश्चिम घाटाच्या 'पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्रा'च्या यादीत गावाचं नाव असल्याचं हरकतींची मुदत उलटून गेल्यावर कळलं. आता तरुण मंडळानं काय करावं?

उत्तर : आधी एक दिलासा. या क्षेत्राच्या अधिसूचनेचा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचा मसुदा मार्च २०१४ मध्ये पहिल्यांदा निघाला आणि ३१ जुलै २०२४ ला सहाव्यांदा. ठरलेल्या दिवसांत अंतिम अधिसूचना निघाली नाही की मसुदा बाद होतो आणि नवा काढावा लागतो. म्हणून पुढच्या वेळेची तयारी आत्तापासून करून ठेवा.

हरकतीसाठी ६० दिवस मिळतात. ते मोजायचे राजपत्राच्या प्रती लोकांना उपलब्ध झाल्याच्या तारखेपासून. राजपत्र हिंदी-इंग्रजीत निघतं. गावात त्याची चर्चा सुरू होईपर्यंत बरेच दिवस हातचे गेलेले असतात. मंडळातल्या एकानं दर सोमवारी ई-गॅझेटवर, म्हणजे राजपत्राच्या वेबसाइटवर, पर्यावरण मंत्रालयाच्या अधिसूचना बघायच्या, एवढं काम वाटून घ्या. यादी जिल्हा, तालुका, गाव अशी लावलेली असते आणि नावं इंग्रजी स्पेलिंगमध्ये असतात. उताऱ्यावरचं स्पेलिंग आणि यादीतलं स्पेलिंग शेजारी ठेवून ताडून घ्या, नाहीतर असलेलं गावही सापडत नाही.

हरकती वाया जातात त्या मजकुरामुळे. 'आमची शेती बंद पडेल, जमिनी विकता येणार नाहीत' असं लिहिलेली पत्रं ढिगानं जातात, पण मसुद्यात तसं म्हटलेलंच नाही. बंदी आहे ती खाणी, दगडखाणी आणि वाळू उपशावर, नव्या औष्णिक वीज प्रकल्पांवर, 'लाल' (सर्वांत प्रदूषणकारी) वर्गातल्या नव्या उद्योगांवर, २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांवर आणि ५० हेक्टर व त्याहून मोठ्या वसाहतींवर. मालकी बदलायला मसुदा आडकाठी करत नाही. जे लिहिलेलंच नाही त्यावर हरकत घेतली की अधिकारी एका ओळीत ती निकाली काढतो.

म्हणून पत्रात चार गोष्टी हव्यात : मसुद्याची तारीख, कोणत्या कलमाबद्दल बोलता आहात ते, सर्व्हे नंबर आणि तिथं आज काय आहे ते, आणि नेमका काय बदल हवा ते. 'यादीतून गाव वगळा' एवढंच न लिहिता का वगळावं, किंवा गाव ठेवून कोणती अट सुधारावी, तेही सांगा. मसुदा पटत असेल तर तसंही कळवा. पाठिंब्याचं पत्रही तितकंच ग्राह्य असतं आणि तरुणांकडून ते फार कमी जातं. एकाच मजकुराच्या पाचशे झेरॉक्सपेक्षा पाच वाड्यांची आपापल्या तपशिलाची पाच पत्रं आमच्या मते जास्त मोलाची. मंत्रालयाला स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावती जपून ठेवा.

आणि हो, पत्राची प्रत खासदारांना देताना पत्ता तपासा. बेळगाव जिल्हा तीन लोकसभा मतदारसंघांत विभागलेला आहे. खानापूर आणि कित्तूर उत्तर कन्नड मतदारसंघात येतात, निपाणी चिक्कोडीत, आणि बेळगाव शहर व ग्रामीण बेळगाव मतदारसंघात. तुमचं निवेदन बेळगावच्या खासदारांकडे गेलं तर ते तुमच्या मतदारसंघाचे प्रतिनिधी नाहीत. लोकसभेत प्रश्नाची सूचना किमान १५ पूर्ण दिवस आधी द्यावी लागते आणि प्रश्न १५० शब्दांत बसवावा लागतो. मत मांडलं की प्रश्न नाकारला जातो, माहिती विचारायची असते. अधिवेशनाच्या महिनाभर आधी दोन-तीन तयार प्रश्न खासदारांच्या कार्यालयात नेऊन द्या. 'आलेल्या हरकतींपैकी खानापूर तालुक्यातल्या किती, आणि त्यांवर काय निर्णय झाला?' असा प्रश्न चालतो.

प्रश्न : बेळगावात कॉलेजला आहे. सरकारी कार्यालयात मराठी अर्ज दिला की 'कन्नडमध्ये आणा' म्हणून परत करतात. मराठीतून लिहिण्याचा हक्क खरंच आहे का?

उत्तर : आहे, पण प्रत्येक दारी नाही. हा फरक न कळल्यामुळे कितीतरी अर्ज अडतात.

गाऱ्हाण्याचं निवेदन असेल तर राज्यघटनेचं कलम ३५० तुमच्या पाठीशी आहे. केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याला, त्या संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत निवेदन देता येतं. अर्जाच्या डोक्यावरच 'राज्यघटना कलम ३५० अन्वये निवेदन' असं लिहा. उत्तर मराठीतच मिळेल असं मात्र हे कलम म्हणत नाही. म्हणून सोबत अर्ध्या पानाचा कन्नड सारांश जोडा. यात हक्क सोडल्यासारखं काही नाही. टेबलावरच्या कारकुनाला अर्ज वाचता आला तर तो पुढं सरकतो, एवढाच त्याचा अर्थ. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सहीची पोहोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

माहिती अधिकाराचं वेगळं आहे. तिथं कायदा इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाची राजभाषा म्हणतो, म्हणजे बेळगावात कन्नड. मराठी अर्ज तिथं अडतो. कर्नाटकाच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस.

संसदीय समित्या विधेयकांवर जाहिरात देऊन लोकांच्या सूचना मागवतात. तिथं हिंदी किंवा इंग्रजी, आणि मुदत पुष्कळदा १५ दिवसांचीच. समितीपुढे प्रत्यक्ष बोलायचं असेल तर ते निवेदनात स्पष्ट लिहावं लागतं, नुसतं मनात ठेवून बोलावणं येत नाही. दिलेलं निवेदन समितीच्या कामकाजाचा गोपनीय भाग होतं, त्यामुळे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका.

भाषिक अल्पसंख्याकांच्या सवलती मिळत नसतील तर कलम ३५० ख खाली केंद्राचा विशेष अधिकारी असतो. त्याला आदेश देण्याचा अधिकार नाही, पण त्याचा अहवाल राष्ट्रपतींकडे आणि संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे जातो. एखाद्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक किमान १५ टक्के असतील तर महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे सूत्र राज्यांनी मान्य केलेलं आहे. 'अन्याय होतो' असं मोघम कळवण्यापेक्षा कोणत्या कार्यालयाच्या कोणत्या तारखेच्या सूचनेत मराठी नव्हतं, ते फोटोसह कळवा.

प्रश्न : मी निपाणीचा, साडेसतरा वर्षांचा. मत देता येत नाही, तोवर माझ्या हातात काय?

उत्तर : मतदार नोंदणीचा नमुना ६ आत्ताच भरता येतो. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज चालतो. पूर्वी फक्त १ जानेवारी धरत, आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. अठरा पूर्ण होतील त्याच्या पुढच्या तारखेला नाव लागतं. जन्मतारखेच्या दाखल्यावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नसेल तर आधी तेच दुरुस्त करा. शिवाय कर्नाटकात दरवर्षी 'मक्कळ ग्रामसभा', म्हणजे मुलांची ग्रामसभा, भरवायची असते. तुमच्या आसपासच्या खेड्यांतल्या मित्रांना तिची तारीख पीडीओंकडे (ग्रामपंचायतीचे पंचायत विकास अधिकारी) विचारायला सांगा.

प्रश्न : गावात मराठी आणि कन्नड दोन्ही पोरं आहेत. पाणी, बस, वाचनालय हे प्रश्न एकच, पण बैठक घेतली की सीमाप्रश्नावर येऊन मोडते. एकत्र ठराव कसा करावा?

उत्तर : सीमेचा दावा महाराष्ट्रानं २००४ मध्ये दाखल केला, तो सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. त्यावर कुणाचंही मत काहीही असो, ग्रामसभेच्या ठरावानं तो सुटणार नाही. तेव्हा बैठकीच्या सुरुवातीलाच सर्वांच्या संमतीनं तो विषयपत्रिकेबाहेर ठेवा. कुणाला आपली भूमिका सोडायला सांगू नका, आज त्यावर बोलायचं नाही, इतकंच ठरवा.

विषय तीनच घ्या. प्रत्येकाला दोन मिनिटं, आपापल्या भाषेत. बोलणाऱ्याचं म्हणणं दुसऱ्या भाषेतल्या कुणीतरी एका वाक्यात परत सांगायचं आणि बोलणाऱ्यानं 'हो, हेच' म्हटल्यावरच पुढं जायचं. वेळ लागतो, पण गैरसमज तिथल्या तिथं निघतात. मुली मागच्या रांगेत गप्प बसत असतील तर पहिलं बोलणं त्यांच्याकडून सुरू करा.

मग ठराव ग्रामसभेत न्या. दोन ग्रामसभांमध्ये सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये, असा कर्नाटकाचा कायदा आहे. इथं हमखास घोटाळा होतो तो रजिस्टरात. आल्याबरोबर कोऱ्या पानावर हजेरीच्या सह्या होतात आणि ठराव मागाहून कुणीतरी लिहितं. तुम्ही दोन्ही भाषांत लिहिलेला ठराव सोबत न्या, पीडीओंना तो रजिस्टरात उतरवायला सांगा, मोठ्यानं वाचून घ्या, आणि शेवटची ओळ संपते तिथंच सह्या करा. आठवड्यानं प्रमाणित प्रत मागा. खासदारांना किंवा मंत्रालयाला लिहिताना हीच प्रत जोडायची.