पारावार, आणि थोडंसं 'अनलिमिटेड'

प्रश्न असा आला आहे: 'अनलिमिटेड' या इंग्रजी विशेषणाला मराठीत काय म्हणावं? अमर्याद, असीम, अनंत, अपार हे सगळे एकच का? आणि 'अमर्यादित' हा शब्द अशुद्ध आहे, असं सांगतात ते खरं का?

शेवटचं आधी. 'अमर्यादित' अजिबात अशुद्ध नाही. 'मर्यादा' या नामाला 'इत' प्रत्यय लागून 'मर्यादित' होतो, म्हणजे ज्याला मर्यादा पडली आहे ते. ज्याला मर्यादा घालता आली असती पण कुणी घातली नाही, ते अमर्यादित; ज्याला मुळातच मर्यादा नाही, ते अमर्याद. कॉल, डेटा, रजा यांना मर्यादा घालणारा कुणीतरी असतोच, म्हणून तिथे 'अमर्यादित' हाच शब्द नेमका बसतो. 'अमर्याद' माणसाच्या वागण्याला लावला, तर ताळतंत्र सोडलेला, उद्धट असा अर्थ निघतो, हेही ध्यानात ठेवा. कंपनीच्या नावातला 'मर्यादित' वेगळाच. तो कंपनीचं वर्णन करत नाही, सभासदांचं आर्थिक दायित्व मर्यादित आहे एवढंच सांगतो.

आता समानार्थी शब्दांचं. शाळेत पाठ करून घेतात त्या याद्यांनी मराठीचं फार नुकसान केलं आहे. अमाप पीक येतं, अमाप पैसा मिळतो, पण अमाप वेळा कुणी येत नाही; कारण आत 'माप' आहे, मोजणी नाही. मोजणी 'बेसुमार'मध्ये आहे. फारसी 'शुमार' म्हणजे गणना. जनगणनेला खानेसुमारी म्हणत ते त्यावरूनच. आणि बेसुमारला मराठीत नापसंतीचा वास आहे: बेसुमार खर्च, बेसुमार वृक्षतोड. बेसुमार माया कुणी करत नाही. 'बेहद्द'चं उलट, माणूस बेहद्द खूश होतो. अथांग फक्त खोलीला. अनंत गणितात शोभतो, आणि देवाला. हे शब्द एकमेकांच्या जागी बसतात असं सांगणाऱ्यांनी 'बेसुमार भक्ती' असं एकदा मोठ्याने म्हणून पाहावं.

राहिला 'अपार', आणि माझा खरा राग इथे आहे. अपारचाच सख्खा नातेवाईक असलेला एक वाक्प्रचार आपण बिघडवून ठेवला आहे. 'आनंदाला पारावर उरला नाही' असं वारंवार वाचावं लागतं, छापील मजकुरातसुद्धा. पारावर म्हणजे झाडाभोवतीच्या ओट्यावर! शब्द 'पारावार' आहे, 'वा' दीर्घ. पार अधिक अवार. पार म्हणजे नदीचा पलीकडचा काठ, अवार म्हणजे अलीकडचा. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या पद्य शब्दकोशात, अर्ध्या श्लोकात सगळं आलं आहे: 'पारावारे परार्वाची तीरे पात्रं तदन्तरम्'. पलीकडचा काठ पार, अलीकडचा अवार आणि दोहोंच्या मधलं ते पात्र. नदीचं पात्र आपण आजही म्हणतो, पार शेकडो जागी वापरतो. अवार तेवढा स्वतंत्र शब्द म्हणून राहिला नाही, या एका वाक्प्रचारात जीव धरून आहे. तोही आता 'वर' करून टाकायचा?

काही जाणकार अमरकोशाचाच आधार देऊन सांगतात की पारावार म्हणजे समुद्र. समुद्राच्या नावांत पारावार आहे, हे कबूल. पण मग 'आनंदाला समुद्र उरला नाही' याचा अर्थ काय लावायचा? कोशातला पहिला अर्थ उचलायचा आणि वाक्याकडे पाहायचंच नाही, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

वाक्याकडे पाहिलं की खरी गंमत हाती लागते. आपण पारावार 'उरला नाही' म्हणतो. उरला नाही, म्हणजे आधी होता. दोन्ही काठ होते आणि ते बुडाले, वाहून गेले. माझ्या मते हे पुराचं चित्र आहे. त्याला फार जुनी साथही आहे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलातल्या सरस्वतीसूक्तात नदीला 'पारावतघ्नी' म्हटलं आहे आणि वैदिक शब्दांची व्युत्पत्ती सांगणारा प्राचीन पंडित यास्क आपल्या निरुक्त या ग्रंथात त्याचा अर्थ देतो 'पारावारघातिनी', दोन्ही काठांचा घात करणारी. पाश्चात्त्य पंडितांना हे पटत नाही. पारावत हे एका जमातीचं नाव, असं ते म्हणतात. पण त्याच ऋचेत ती नदी आपल्या लाटांनी डोंगरांचे कडे फोडते आहे! कडे फोडणाऱ्या नदीने काठही फोडले, हा अर्थ समोर असताना जमात कशाला शोधायची? मी यास्काच्या बाजूने आहे. सरस्वतीच्या त्या विशेषणातूनच आपला वाक्प्रचार आला असं मी म्हणत नाही, पण दोन्हीकडे दिसणारी नदी एकच आहे, काठ गिळणारी.

म्हणून अपार आणि पारावार न उरणं यांत फरक आहे. अपार म्हणजे पलीकडचा काठ नाहीच, निदान दिसत तरी नाही. दुःख अपार असतं, कष्ट अपार असतात. ज्यातून पार व्हायचं असतं पण होता येत नाही, त्यालाच अपार शोभतो. अपार डेटा हा म्हणूनच विनोदी प्रयोग. आनंदातून बाहेर पडायची घाई कुणालाच नसते, तो काठ बुडवत वाढतो, म्हणून आनंदाला पारावार उरत नाही.

या पलीकडच्या काठाने मराठीला फार दिलं आहे. पारंगत म्हणजे पलीकडे पोचलेला, पारायण म्हणजे शेवटापर्यंत जाणं, पारणं म्हणजे उपवास तडीस नेणं. कार्य 'पार पडतं' तेही यातूनच. आणि 'पार दमलो', 'पार विसरलो' यांतला पार? पुष्कळजण त्याला 'अगदी'चा जोडीदार समजतात. मला तोही काठच वाटतो. 'पार टोकापर्यंत गेला' हा मधला दुवा पाहा, तिथे अंतर अजून शाबूत आहे. टोकापर्यंत दमलो, टोकापर्यंत विसरलो. 'अगदी थोडं विसरलो' चालतं; 'पार थोडं विसरलो' असं मात्र कुणी म्हणत नाही.