रक्ततपासणीतून युद्धाचा आघात कळतो का?

प्रश्न : माझे वडील सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले, १९९९ मध्ये ते कारगिलच्या आघाडीवर होते. गणपतीत आमच्या लालबागला फटाक्यांची माळ लागली की ते जेवणाच्या ताटावरून उठून आतल्या खोलीत जातात आणि रात्री दचकून जागे होतात. 'रक्तात काही निघालं तरच मानसोपचारतज्ज्ञाकडे येईन,' असे त्यांचे म्हणणे आहे. एका लॅबने कॉर्टिसोल या ताणाशी संबंधित संप्रेरकाची तपासणी सुचवली आहे. ती करावी का?
— एक वाचक, लालबाग

उत्तर : केवळ एवढ्यासाठी करू नये. अहवाल 'नॉर्मल' आला, आणि तो तसा येण्याचीच शक्यता अधिक, तर वडिलांना डॉक्टरांकडे न जाण्याचे आयते कारण मिळेल.

ताण वाढला की कॉर्टिसोल वाढावे, असे कोणालाही वाटेल. परंतु १९८० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात लढलेल्या आणि पीटीएसडी (आघातानंतर जडणारा मानसिक ताणविकार) झालेल्या अमेरिकी सैनिकांच्या लघवीत ते उलट कमी आढळले आणि संशोधकही चक्रावले. पुढील अभ्यासांचे निष्कर्ष मात्र एकसारखे आले नाहीत. शिवाय हे संप्रेरक पहाटेपासून रात्रीपर्यंत इतके चढते-उतरते की एका नमुन्यावरून एका माणसाचे निदान करणे धाडसाचे ठरते.

मेंदूच्या प्रतिमांची कथा अधिक उद्बोधक आहे. स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस हा भाग अशा सैनिकांमध्ये लहान दिसतो, तेव्हा युद्धानेच तो आक्रसला असावा, असा समज होता. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा सैनिकांचे, युद्धावर कधीच न गेलेले एकसारखे जुळे भाऊ तपासले, तर तीव्र पीटीएसडी असलेल्यांच्या भावांमध्येही तो लहानच निघाला. म्हणजे ही खूण निदान काही अंशी आजाराची नसून, आघाताआधीपासूनच असलेल्या प्रवणतेची असू शकते.

२०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या पुरुष सैनिकांमधील पीटीएसडी ओळखण्यासाठी २८ जैविक खुणांचा संच वापरून सुमारे ७७ टक्के अचूकता मिळाली. संशोधन म्हणून हे मोलाचे आहे. पण चारांपैकी जवळजवळ एकाच्या बाबतीत चुकणाऱ्या चाचणीवर घरातल्या माणसाचा निर्णय सोपवता येत नाही.

निदान आजही सविस्तर मुलाखतीतूनच होते. थायरॉइडची तपासणी अवश्य करावी, आणि वडील मोठ्याने घोरत असतील तर झोपेत श्वास अडतो का, तेही पाहावे. यांमुळेही झोपमोड आणि चिडचिड होते. वडिलांची 'रक्त तपासा' ही अट तेवढ्यापुरती पुरी होईल, हा त्यातला आणखी एक फायदा. ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे कार्ड असल्यास पॉलिक्लिनिकमधून तज्ज्ञाकडे रेफरल मागावा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर तुम्ही स्वतः आधी बोलू शकता.

भेटीला जाताना कोणत्या आवाजाने, किती वाजता त्रास होतो, कोणते विषय वा ठिकाणे वडील टाळतात, हे लिहून न्यावे. मद्यपान असेल तर लपवू नये. मात्र रोज पिण्याची सवय असल्यास डॉक्टरांना न विचारता ते एकाएकी बंदही करू नये.