लव्हाळा मारायला तणनाशक फवारलं आणि लॉनच जळालं. आता नवीन कार्पेट (मातीसकट मिळणारी तयार गवताची गादी) टाकू की थांबू?

प्रश्नात तुम्ही सगळं लिहिलंय. नांदेडचा बंगला, समोरचं 800 चौरस फुटांचं लॉन, दुकानदाराने हातात दिलेली बाटली, पंधरा दिवसांत पिवळे पडलेले पट्टे, ‘युरिया टाक’ म्हणणारा मेव्हणा, आणि कार्पेट टाकायला टपून बसलेला नर्सरीवाला. फक्त औषधाचं नाव तेवढं लिहिलं नाही, आणि सगळं अडतं तिथंच. बाटली शोधा. कचऱ्यात गेली असेल तर दुकानात जाऊन विचारा. पुढच्या बाजूचं मोठ्या अक्षरांतलं नाव नको, खाली बारीक अक्षरांत घटक लिहिलेला असतो तो वाचा.

ग्लायफोसेट असेल तर गवत मुळापर्यंत जातं, पण औषध मातीला चिकटून निकामी होतं. मेलेलं काढून आठ-दहा दिवसांनी लावायला हरकत नाही. (2022 च्या ऑक्टोबरात केंद्राने ते फक्त कीड नियंत्रणवाल्यांनीच वापरायचं अशी अधिसूचना काढली. तरी तुमच्या दुकानदाराने दिलं असेल तर त्याला हे ऐकवा.) पॅराक्वाट असेल तर दोन दिवसांत सगळं करपलेलं दिसलं असतं, ते वरचं हिरवं जाळतं, हराळीच्या जातीचं लॉन खालून परत फुटतं. नुसतं टू-फोर-डी असेल आणि माप बरोबर असेल तर गवत सहसा मरत नाही, रुसतं. पाणी द्या आणि महिनाभर काही करू नका.

आणि ॲट्राझिन असेल तर पुढचं नीट वाचा. हे उत्तर मी त्यासाठीच लिहायला बसलोय.

लातूरजवळ आमचं मंगल कार्यालय आहे. पाटीवर ‘मंगल कार्यालय व लॉन्स’ असंच आहे, कारण लॉन नसेल तर आता कुणी तारीख धरत नाही. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं तिथं लॉन कशाला, असं कुणी विचारलं तर माझ्याकडं उत्तर नाही. लोकांना लग्नात हिरवं लागतं, बस. भागीदारी माझी आणि दाजींची. दाजी म्हणजे अक्काचे यजमान, ऊसवाले. त्यांचा ठाम सिद्धांत असा की रानात जे चालतं ते लॉनमध्ये चालतं, आणि डबल माप टाकलं की डबल काम होतं.

लग्नसराई संपली, जूनचा पाऊस झाला, आणि लॉनमधून लव्हाळा असा वर आला की जणू त्याचंच कार्यालय आहे. मी म्हणत होतो थांबा, लव्हाळ्याचं औषध वेगळं असतं. मी गावाला गेलेलो असताना दाजींनी उसातलं उरलेलं ॲट्राझिन सालगड्याच्या हातात दिलं आणि एका पंपाला दोन मापं टाकायला सांगितली. परत आलो तर लॉन वाघासारखं पट्ट्यापट्ट्याचं झालेलं. एक पट्टा मेलेला, एक पिवळट, पुन्हा एक मेलेला. आणि लव्हाळा? हिरवागार, ताठ. ॲट्राझिनला लव्हाळा जुमानत नाही हे कुठल्याही उसवाल्याला माहीत असायला पाहिजे. पण सांगणार कोण?

दाजी म्हणाले, पाणी साचून मुळं कुजली. आजही, पाहुण्यांत विषय निघाला की हेच म्हणतात. आता तुम्हीच सांगा, साचलेलं पाणी सरळ रेघेत साचतं का? पट्ट्याची रुंदी माणसाने चालता चालता नोझल हलवावं तेवढी. जिथं दोन फेऱ्या एकमेकींवर आल्या तिथं गवत पार मेलेलं. आणि आमच्याकडं खरोखर पाणी साचतं ते फाटकाजवळच्या खोलगट कोपऱ्यात. तो कोपरा हिरवा होता, कारण सालगड्याच्या पंपातलं औषध तिथं पोचायच्या आधी संपलं. त्यानेच सांगितलं मला, दाजी समोर नसताना.

खरी गंमत पुढं. दाजींनी माती ‘तपासली’. मेलेल्या पट्ट्यात ज्वारीचे दाणे टाकले. ज्वारी झकास उगवली, वीतभर झाली. ‘बघ, मातीत काही नाही,’ म्हणाले, आणि माझं न ऐकता स्टेजसमोर नवं कार्पेट टाकून घेतलं. अहो, ज्वारी आणि मका ॲट्राझिन पचवतात! म्हणून तर ते औषध त्या पिकांत चालतं. ज्वारी उगवली याचा अर्थ ज्वारी उगवली, एवढाच. कार्पेट सुरुवातीला छान दिसलं, कारण ते स्वतःच्या मातीवर जगत होतं. मुळं खाली उतरली तसं जुन्या पानांच्या टोकांपासून पिवळं पडत गेलं. बिल दोघांच्या खात्यातून गेलं, हे इथं नोंदवून ठेवतो.

मी मेथी लावली. चहाचे कागदी कप, तळाला भोक, काहींत पट्ट्यातली माती, काहींत फाटकाजवळची. हे दोन्ही पाहिजेत, नाहीतर बी खराब होतं की माती हे कळत नाही. मेथी दोन्हीकडं उगवली. इथं घाई करू नका. ॲट्राझिन बी उगवू देतं, रोप स्वतःच्या पानांवर जगायला लागलं की मारतं. पट्ट्यातली मेथी खरी पानं आल्यावर पिवळी पडून बसली, फाटकाजवळची भाजी करण्याजोगी झाली. अक्काने दोन्ही कप बघितले आणि काही बोलल्या नाहीत. तेवढं मला पुरलं. (ग्लायफोसेटला ही मेथीची परीक्षा लागू नाही, ते मातीत बांधलेलं असतं, मेथी मजेत येईल.)

ॲट्राझिन पानापेक्षा मुळातून जास्त शिरतं आणि जमिनीत महिनोन्‌महिने राहतं. त्यात आपली काळी जमीन, सामू (pH) आठच्या आसपास. अशा जमिनीत ते मोडायला जास्तच वेळ लागतो. त्याला मोडतात ते मातीतले जिवाणू, आणि त्यांना ऊब, ओल आणि खाद्य लागतं. म्हणून मी पार मेलेल्या पट्ट्यांतली वरची चार बोटं माती खरवडून काढली, फवारा न लागलेल्या जागेची माती भरली, आणि सगळीकडं चांगलं कुजलेलं शेणखत मिसळलं. शेणखत औषध धरूनही ठेवतं आणि जिवाणूंना पोसतंही. ओल टिकवली, डबकं होऊ दिलं नाही. अख्खा श्रावण काही लावलं नाही, आणि दाजींचे टोमणे ऐकले. तुमचं क्षेत्र लहान आहे, तुम्हाला ॲक्टिव्हेटेड कोळशाची भुकटी मातीत मिसळणंही परवडेल. ती औषध शोषून घेते. चुलीतला कोळसा कुटून टाकला तर तेवढं काम होत नाही.

पुन्हा मेथी लावली. ती जगली तेव्हाच गवताला हात घातला. नर्सरीतून काही आणलं नाही. आमचं लॉन सिलेक्शन वन, म्हणजे हराळीच्याच कुळातलं. फाटकाजवळच्या त्याच कोपऱ्यातून दोन-तीन डोळ्यांच्या कांड्या काढल्या आणि चार-चार इंचांवर टोकल्या. भाद्रपदातली हवा होती, भराभर पसरलं. तुळशीच्या लग्नानंतर पहिली तारीख होती तोवर जमीन झाकली. स्टेजच्या डाव्या बाजूला विरळ राहिलं होतं, तिथं खुर्च्या मांडल्या. दाजी वरपक्षाला सांगत होते, ‘कार्पेट पुण्याहून मागवलं.’

तर तुम्ही: युरिया नको. आजारी गवताला युरिया म्हणजे उरलेलंही जाळायचं. कार्पेट आत्ता तर मुळीच नको, नर्सरीवाला गॅरंटी देतो म्हणाला तरी. तो गॅरंटी गवताची देईल, मातीची नाही. पट्ट्यांमधलं जे पिवळं पण जिवंत आहे ते उपटू नका, कापतानाही उंच ठेवा. कदाचित निम्मं लॉन स्वतःच परत येईल.

लव्हाळ्याचं राहिलं. खुरप्याने तो वाढतो, कारण जमिनीखाली गाठींची माळ असते आणि तोडलेली प्रत्येक गाठ नवं रोप होते. लॉन नसलेल्या जागेत भर उन्हाळ्यात खोल खणून गाठी वर तापू द्याव्यात, वाळल्या की मरतात. लॉनमध्ये हॅलोसल्फ्युरॉन मिथाइल 75 टक्के. उसातल्या लव्हाळ्यासाठी म्हणून मिळतं, एकराला 36 ग्रॅम. तुमच्या जागेला ग्रॅमभरसुद्धा लागत नाही, तेव्हा सोनाराचा काटा असेल तरच मोजायला जा, आणि आधी एका कोपऱ्यात मारून बघा. पानं पिवळी पडायला दोन आठवडे लागतात, तेवढ्यात दुसरा हात मारू नका. मात्र हे लॉन सावरल्यावर. आजारी लॉनवर कुठलंच तणनाशक नको.

आणखी एक. पंप कुणाचा होता ते विचारा. तणनाशकाचा पंप वेगळाच पाहिजे. टू-फोर-डीचा पंप नुसत्या पाण्याने विसळून कपाशीवर नेला तर पानं भेंडीसारखी होतात, हे आपल्याकडं दरवर्षी कुणाच्या ना कुणाच्या रानात दिसतं. दाजींचं म्हणणं, तीनदा विसळला की झालं. त्यांच्या घरामागच्या टोमॅटोला विचारा.

बाटलीवर पॅराक्वाट निघालं तर ती घरात ठेवू नका, लहान पोरं असतील तर अजिबात नको. पोटात गेलं तर त्यावर उतारा नाही. आणि औषध कुठलंही असो, त्या लॉनचं कापलेलं गवत गाईला घालू नका, कुंड्यांवरही पसरू नका. नाव सापडलं की खाली लिहा, माप किती टाकलं होतं तेही.