नवी बाईक डिसेंबरच्या थंडीत नागपूरहून कुरखेड्यापर्यंत चालवत न्यावी का?

हाव भाऊ, चालवतच न्या. तुम्ही विचारलं की डिसेंबरच्या शेवटी नागपूरच्या शोरूममधून नवीन १२५ सीसी गाडी उचलायची आहे, घर गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याकडे, दीडशेच्या वर किलोमीटर, अन् घरचे म्हणतात की नवं इंजिन एवढं लांब एका दमात नेलं तर जाम होते, त्यात ही थंडी, म्हणून टेम्पोत टाकून आणा. मी आरमोरीकडचा. माझी गाडी मी जानेवारीत याच रस्त्यानं नागपूरहून घरी आणली, नंतर गावातल्या पोरांच्या गाड्या आणायलाही सोबत गेलो, म्हणून लिहितो. इंजिनाची एवढी काळजी करू नका, काळजी हाताच्या बोटांची करा.

आधी इंजिनाचं सांगतो म्हणजे घरच्यांना समजावता येईल. नव्या गाडीत सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर बारीक रेघा मुद्दाम ठेवलेल्या असतात, पिस्टनच्या रिंगा त्या भिंतीवर घासून घासून नीट बसतात, अन् हे काम बहुतेक पहिल्या काही शे किलोमीटरमध्येच होतं. म्हणून कंपनीच्या पुस्तिकेत सुरुवातीच्या ५०० किंवा १००० किलोमीटरपर्यंत स्पीड किती ठेवायची ते दिलेलं असतं, गाडीगणिक आकडा वेगळा असतो, तो तुमच्या पुस्तिकेत पाहून घ्या, शोरूमच्या पोराच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका. लांब पल्ल्यानं रिंगा खराब होत नाहीत. खराब होतात त्या फुल रेस देण्यानं, अन् टॉप गिअरमध्ये गाडी ३० वर रडत रडत ओढल्यानं, हे दुसरं लोक जास्त करतात कारण त्यांना वाटते हळू म्हणजे चांगलं. इंजिन धडधडायला लागलं की गिअर खाली घ्या. अन् एकाच स्पीडवर तासभर गाडी धरून ठेवू नका, ४० करा, ५० करा, मधे थ्रॉटल सोडून गाडी आपोआप हळू होऊ द्या, परत उचला. आपल्या रस्त्यावर गावं, गतिरोधक, ढोरं एवढी आहेत की हे तसंही आपोआप होतंच, त्यामानानं शहरातल्या ट्रॅफिकमध्ये तासन् तास पहिल्या-दुसऱ्या गिअरवर घासण्यापेक्षा हा रस्ता नव्या इंजिनाला बरा. मी माझी ५०-५५ च्या वर नेलीच नाही. मागे कोणाला बसवू नका, अन् नागपूरला आलोच आहो तर म्हणून किराण्याचं पोतंही बांधू नका.

थंडीचं म्हणाल तर ८-१० डिग्री म्हणजे इंजिनाला काहीच नाही. हिमाचल-लडाखमध्ये याच गाड्या चालतात. २०२० पासूनच्या बीएस ६ (धुराच्या नव्या नियमातल्या) गाड्या जवळपास सगळ्या फ्युएल इंजेक्शनच्या, चोक ओढायची भानगड नाही, थंड असताना पेट्रोल किती सोडायचं ते गाडी स्वतः पाहते. सकाळी सुरू करून अंगणात दहा-पंधरा मिनिटं भुर्रभुर्र ठेवायची जी सवय आहे ती सोडा. अर्धा-एक मिनिट ऑइल वर चढू द्या अन् निघा, पहिले तीन-चार किलोमीटर अगदी हळू. उभी गाडी नीट गरम होत नाही, चालती होते. अन् सुरुवातीला सायलेन्सरवरून थोडा धूर अन् जळका वास येईल, त्यावर लावलेलं ऑइल जळते ते, घाबरून परत शोरूमला जाऊ नका. पण सायलेन्सरला प्लास्टिकचा पापुद्रा राहिला असेल तर तो निघायच्या आधी काढा, नाहीतर चिकटून डाग पडतो तो निघत नाही. सीटवरचं प्लास्टिकही काढाच. लोक महिनोनमहिने ठेवतात, नवी दिसते म्हणून, पण ब्रेक मारला की त्यावरून माणूस पुढे टाकीवर घसरतो. पूजेचा हार हँडलला राहू द्या पण गावाबाहेर निघताना काढून डिकीत किंवा पिशवीत ठेवा, वाऱ्यानं सुटून कुठे अडकेल सांगता येत नाही.

आता थंडीचं खरं. नागपूरला २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ डिग्री नोंदले गेले होते, अन् गोंदिया-नागपूर तर राज्यात सगळ्यात थंड म्हणून पेपरात येतच असते. एवढं दरवर्षी नाही होत, पण पहाटे १० डिग्री नेहमीचं आहे. पारा १० असला अन् तुम्ही ६० नं जात असाल तर उघड्या चामडीला ते जवळपास ५ सारखं लागते, वारा अंगाची ऊब ओढून नेते म्हणून. दोन स्वेटर घालून फायदा नाही, स्वेटरातून वारा आरपार जाते. एक स्वेटर अन् त्यावर वारा अडवणारं काहीही, पावसाळ्याचा रेनकोट असेल तर तोच घाला, दिसायला कसाही दिसो. छातीवर शर्ट अन् स्वेटरच्या मधात पेपर घडी करून ठेवा, आमच्याकडचे दूधवाले वर्षानुवर्षं हेच करतात. गुडघ्यांना विसरू नका, रेनकोटची पँटही चढवा.

पण हात. हातांचं मी जरा लांबवून सांगतो. माझ्या वेळेस भिवापूरला टपरीवर थांबलो तेव्हा हेल्मेटचा पट्टा मला उघडता येईना. बोटं होती, दिसत होती, पण बकलचं बटण दाबल्याचं कळतच नव्हतं. चहावाल्या मामांनी काचेच्या ग्लासात उकळता चहा हाती दिला तर तो गरम आहे हे पण मला ओठाला लावल्यावर समजलं. मामा म्हणाले, पोरा आधी हात काखेत घाल, मग चहा पी. पाच-सात मिनिटांनी बोटं ठणकायला लागली तेव्हा जीवात जीव आला. अन् मग डोक्यात आलं की याच बोटांनी समोरचा ब्रेक दाबायचा आहे. क्लच पण यांनीच. अंगाला थंडी वाजते ते कळते तरी, बोटं मात्र बधिर झाली की कळायचंच बंद होते, अन् तुम्ही मजेत गाडी हाकत राहता.

म्हणून लोकरीच्या हातमोज्यांवर भागवू नका, त्यातूनही वारा जातेच. बाहेरून रेक्झिन किंवा लेदर असलेले हातमोजे घ्या, पण एवढे जाड नको की लिव्हर पकडता येत नाही. ते नसले तर लोकरीच्या मोज्यात आधी पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, घाम येते थोडा पण वारा थांबते. अन् चालताना मधून मधून अंगठा करंगळीला टेकवून पाहा, थांबून किंवा एकदम हळू असताना. सहज टेकला नाही की थांबायचं, पुढच्या गावापर्यंत काढतो म्हणायचं नाही. हात काखेत किंवा मांडीखाली घालून गरम करा, इंजिनाला धरून नका करू, बधिर हाताला चटका लागलेला कळत नाही. कोणी गरमीसाठी मोहाची घोटभर घे म्हणाले तर नाही म्हणा. गाडीवर तर नाहीच नाही, अन् दारूनं चामडीत रक्त धावते म्हणून गरम वाटते फक्त, आतली ऊब उलट लवकर जाते. आपल्या गडचिरोली जिल्ह्यात तर १९९३ पासून दारूबंदी आहे.

कानाला दुपट्टा बांधायची आपली पद्धत आहे, बांधा, पण दोन्ही टोकं जॅकेटच्या आत खोचा. चेनमध्ये, चाकात दुपट्टा जाऊन माणसं पडलेली आपण सगळ्यांनी ऐकलेली आहेत. जाड कानटोपीवर हेल्मेट नीट बसत नाही, पातळ कापड घ्या. काचेवर वाफ धरते, त्यासाठी आदल्या रात्री आतून भांडी धुवायच्या साबणाचा एक थेंब चोळून कोरड्या कापडानं पुसून घ्या अन् चालताना काच बोटभर उघडी ठेवा.

निघायची वेळ हा माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा. दहाच्या आधी नागपूर सोडू नका अन् अंधार पडायच्या आधी वैनगंगा ओलांडून वडसा मागे टाका. डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या आसपास बुडते, त्यानंतर अर्ध्या तासात गारठा उतरते. तुमच्या स्पीडनं, थांबत थांबत, पाच तास पकडा. म्हणजे गाडी आदल्या दिवशी संध्याकाळी ताब्यात घेतलेली बरी, रात्री कोणा पाहुण्याकडे थांबा अन् सकाळी ऊन पडल्यावर निघा. कारण शोरूमवाले अकराला या म्हणतात अन् कागद, इन्शुरन्स, नंबर करता करता चार वाजवतात, माझ्याही वेळी तसंच झालं होतं, मी मुक्काम केला. चार वाजता गाडी हाती आली अन् त्याच दिवशी घरी जायचंच असेल तर मग घरच्यांचं ऐका, टेम्पो करा. अवकाळी पाऊस लागला तरी टेम्पोच.

रस्ता तुम्हाला माहीत असेलच पण नव्या गाडीच्या हिशेबानं सांगतो. उमरेडपर्यंत कोळशाच्या खाणींचे टिप्पर असतात, त्यांच्या मागे चिकटू नका. उमरेड-भिवापूरकडे कऱ्हांडल्याचं जंगल, पुढे नागभीड-ब्रह्मपुरी पट्टा तर वाघ-बिबट्याचाच, पण गाडीवाल्याला वाघापेक्षा रोही (नीलगाय) अन् रानडुक्कर जास्त घात करतात, एक गेला की मागून दुसरा येतोच. सावलीतल्या रस्त्यावर दव नऊ-दहापर्यंत वाळत नाही. नव्या टायरवर चकाकी असते, पहिले शंभर-दीडशे किलोमीटर ते रस्त्याला नीट पकडत नाही, म्हणून वळणावर गाडी झुकवू नका, सरळ ठेवून हळू काढा. ब्रेकचंही तसंच, लायनर-पॅड घासून बसेपर्यंत पकड कमी असते, निघाल्यावर मोकळ्या रस्त्यावर चार-पाच वेळा मध्यम दाबून पाहा म्हणजे अंदाज येते. अन् आपल्या भागात या दिवसात धानाचं चालू असते, ब्रह्मपुरीच्या पुढे राइस मिल अन् खरेदी केंद्राच्या आसपास डांबरावर धान सांडलेलं असते, कुठे वाळायला पसरवलेलं, तणशीचे (धानाच्या पेंढ्याचे) ट्रॅक्टर अर्धा रस्ता खाऊन चाललेले अन् मागे लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही. धानावर नवं टायर म्हणजे गाडी गेलीच समजा, तिथं ब्रेक न मारता आधीच स्पीड उतरवून सरळ निघायचं. वैनगंगेच्या पुलावर सकाळी धुई (धुकं) एवढी असते की समोरचा कठडा दिसत नाही, दुपारी जाल तर हा प्रश्नच नाही. एक अजून, हा झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या नाटकांचा सीझन, वडशाकडून रात्रभर नाटक पाहून लोक पहाटे डोळे चोळत गाड्यांवर परत येतात, पहाटे न निघायचं हेही एक कारण.

शोरूममधून निघताना घाई करू नका. टायरची हवा समोर मोजायला लावा, पुस्तिकेतल्या आकड्याएवढी, बऱ्याचदा नव्या गाडीत जास्त भरलेली असते. चेनचा ढिलेपणा, ऑइलची लेव्हल, आरसे, दोन्ही लिव्हर तुमच्या हातमोज्यासकट पुरतात का ते पाहा. नंबरचा कागद, इन्शुरन्स, पावत्या एका प्लास्टिकच्या पिशवीत. पेट्रोल टाकीत नावालाच असते, पहिला जवळचा पंप गाठा.

थांबे मी उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा असे केले होते, प्रत्येक ठिकाणी चहा नाही घेतला तरी दहा मिनिटं उतरून चालायचं. गाडी पण थोडी निवते, तुम्ही पण गरम होता.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना चेन परत पाहा, नवी चेन लवकर ढिली पडते, अन् इंजिनाखाली ऑइलचा थेंब तर नाही ना तेही पाहा. पहिली सर्व्हिसिंग पुस्तिकेत जेवढ्या किलोमीटरवर किंवा दिवसावर सांगितली आहे तेव्हाच करा, जे आधी येईल ते. गाडी तर कमीच चालली म्हणून पुढे ढकलू नका, पहिल्या ऑइलमध्ये रिंगा घासल्याचा बारीक चुरा उतरलेला असतो. ऑइल काढताना समोर उभे राहून पाहा, उन्हात धरलं की त्यात चमकते ते. कोणती गाडी घेताय ते लिहा, माझ्या ओळखीत कोणाकडे असेल तर हवेचा अन् चेनचा आकडा विचारून सांगतो.