गेम अडकला की आधी टॅब बंद करा, कॉम्प्युटर नाही

भाऊ, स्वतः लिहिलेला गेम ब्राउझरमध्ये चालवताना ‘पेज रिस्पॉन्ड करत नाही’ असं आलं की थेट पॉवरचं बटण दाबू नको. क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाब, टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू खाणारा टॅब निवड आणि तेवढाच बंद कर. सगळा ब्राउझरच गोठला असेल तर विंडोजचा कंट्रोल-शिफ्ट-एस्केप. कोड लिहायच्या एडिटरातलं काम मात्र दर दोन मिनिटांनी सेव्ह; आपल्याकडे लाईन कधी जाईल, नेम नाही.

आता मूळ दुखणं. जावास्क्रिप्ट (गेमची कोडची भाषा) आणि पडद्यावरचं चित्र एकाच मुख्य धाग्यावर (थ्रेडवर) चालतं, म्हणजे एका वेळी एकच काम. ‘व्हाइल ट्रू’ हा कधीच न थांबणारा लूप लावून गेम फिरवलास की ब्राउझरला क्लिक बघायलाही उसंत मिळत नाही. त्याऐवजी रिक्वेस्ट-ॲनिमेशन-फ्रेम वापर; त्यात पुढची फ्रेम, म्हणजे पुढचं चित्र, काढायच्या आधी ब्राउझरच तुझा कोड बोलावतो. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे एका फ्रेमला जेमतेम 16.7 मिलिसेकंद, सगळं त्यात बसव.

समज, कपाशीवरची बोंडअळी टिपायचा गेम आहे. अळीचा वेग फ्रेमवर ठेवलास तर 120 हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला 120 फ्रेम दाखवणाऱ्या, मोबाईलवर ती दुप्पट पळेल. म्हणून अळी सरकव ती वेग गुणिले मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, एवढी. टॅब मागे गेला की फ्रेम थांबतात. परतल्यावर ‘गेलेला वेळ’ एकदम 40 सेकंद येतो आणि अळी शेताबाहेर! तो वेळ जास्तीत जास्त 0.1 सेकंदावर अडव.

चित्रंही जपून. 4096 बाय 4096 पिक्सेलचं चित्र फाइलीत लहान दिसलं तरी उघडल्यावर 64 एमबी मेमरी घेतं. 4 जीबीच्या जुन्या लॅपटॉपवर अशी दहा लावलीस तर तो रांगणारच.