गुरूचं वैर, शिष्याचा हात

पेडणे

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची चारही प्रकरणं वाचली. किल्ल्यातला तो म्हातारा मांत्रिक मनात घर करून राहिला. पाचव्यात तू त्याला निर्दोष ठरवणार आहेस म्हणे. तेवढं करू नकोस रे. मनातून तो चांगलाच होता असं एकदा लिहिलंस की त्याच्यातला जीव गेला.

द्रोणाचार्यांकडे बघ. द्रुपदाने मैत्री झिडकारली, तो सल त्यांनी जपला आणि शिष्यांकडे गुरुदक्षिणा मागितली ती द्रुपदाला बांधून आणण्याची. त्या पोरांचं द्रुपदाशी काय वाकडं होतं? तरी अर्जुन गेला, आणि पुढे त्याच द्रुपदाचा जावई झाला! अर्धं राज्य गमावलेल्या द्रुपदाने यज्ञ करून द्रोणांना मारणारा मुलगा मिळवला. त्या धृष्टद्युम्नाला अस्त्रविद्या शिकवली कुणी, तर खुद्द द्रोणांनी. दरवेळी वाचताना मी इथे अडतो. धनुष्यावरची त्या मुलाची मूठ नीट करून देताना त्यांना काय वाटलं असेल? असा एक प्रसंग तुझ्या मांत्रिकाला दे.

आपली गोव्याची भूमी तर परशुरामाची. पैंगीणला त्याचं देऊळ आहे. बापाच्या हत्येपायी २१ वेळा पृथ्वी निःक्षत्रिय करणारा तो, आणि कर्णाला विद्या देऊन ऐन वेळी ती आठवणार नाही असा शाप देणाराही तोच.

आणि ते दीड पान काढून टाक, जिथे मांत्रिक आपल्या शिष्याला, तुझ्या नायकाला, वैराचं कारण समजावत बसतो. मला आजोबांनी सोप्यावर बसवून बाराखडी गिरवायला लावली. बोट धरून, फार मायेने. तिथेच सांगितलं, शेजाऱ्यांचा माड आपल्याकडे कललाय, पण नारळ अंगणात पडला तरी उचलायचा नाही. का, विचारलं तर म्हणाले, "नाही म्हटलं ना!" भांडण वाटेचं होतं की पालखीच्या मानाचं, आज घरात कुणालाच ठाऊक नाही. आजोबा गेले त्यालाही खूप वर्षं झाली.

गेल्या पावसात तिथे एक नारळ पडला. मी वाकलो, आणि हात मध्येच थांबला. तुझ्या नायकाचा हात असा थांबलेला मला वाचायचाय.

तुझा,
काका