ज्युरासिक 'युग' की ज्युरासिक 'कल्प'?

प्रश्न असा आला आहे: "सहावीतल्या मुलीच्या प्रकल्पासाठी डायनोसॉरचा तक्ता केला. एका बाजूला टी-रेक्स, दुसऱ्या बाजूला पाठीवर तवे उभे केलेला स्टेगोसॉरस, आणि वर मथळा 'ज्युरासिक युग'. बाईंनी 'युग' खोडून 'कल्प' केलं. कल्प तर पुराणातला, ब्रह्मदेवाच्या दिवसाचा. तो विज्ञानात कुठून आला? आणि युग म्हटलं तर बिघडलं काय?"

बाईंचं बरोबर आहे. पण बोलताना सगळे युगच म्हणतात, वर्तमानपत्रंही तेच छापतात, तेव्हा तुम्ही फार मोठी चूक केलीत असं नाही.

आधी शब्दाचं कूळ बघू. 'कल्प' हा संस्कृत क्लृप् धातूवरून आला. रचणं, नीट मांडणं, जुळवून आणणं हा त्याचा अर्थ. संकल्प, विकल्प, कल्पना ही सगळी त्याच घरची मंडळी. मुलीचा 'प्रकल्प'सुद्धा, म्हणजे बाईंनी घरातलाच माणूस घरात आणून बसवला! 'युग' आला युज् म्हणजे जोडणं यावरून. बैलांच्या मानेवर ठेवतात ते जू म्हणजे हेच युग, प्राकृतातून झिजत आलेलं. एकच शब्द शेतात जू झाला आणि पोथीत युग राहिला.

आता पुराणातली उतरंड. कलियुग ४,३२,००० वर्षांचं. द्वापर त्याच्या दुप्पट, त्रेता तिप्पट, कृत चौपट. चारही मिळून ४३,२०,००० वर्षांचं महायुग, आणि अशी हजार महायुगं म्हणजे एक कल्प, ४३२ कोटी वर्षांचा. म्हणजे कल्प मोठा आणि युग त्याच्या पोटातलं. ही उतरंड आपल्या कानांवरून कितीदा तरी गेलेली असते. सत्यनारायणाला बसलेला यजमान तळहातावर पळीभर पाणी घेऊन थांबलेला असतो आणि गुरुजी संकल्प भराभर म्हणत असतात: श्वेतवाराहकल्पे, वैवस्वतमन्वंतरे, कलियुगे, प्रथमचरणे... मग दंडकारण्य, गोदावरीचा तीर, शके, महिना, तिथी, आणि शेवटी "गोत्र म्हणा". पत्रावर आधी देश, मग जिल्हा, मग गल्ली लिहावी तसा हा काळाचा पत्ता आहे.

भूशास्त्रालाही असाच पत्ता लागतो, कारण त्याचेही काळाचे डबे एकात एक बसतात. मराठीत परिभाषा घडवणाऱ्यांनी हे हेरलं आणि जुनी भांडी घासून वापरायला काढली. मोठ्या डब्याला 'महाकल्प', त्यातल्या डब्याला 'कल्प'. मराठी विश्वकोशात 'पुराजीव महाकल्प', 'जुरासिक कल्प' असंच सापडेल. (तिथे 'जु' आहे, आपण 'ज्यु' म्हणतो. मूळ नाव फ्रान्स-स्वित्झर्लंडच्या सीमेवरच्या जुरा डोंगरांचं आहे, तेव्हा 'जु' जास्त जवळचा. पण 'ज्यु' आता उखडणार नाही.)

भांडं तेच, माप मात्र वेगळं, हे लक्षात ठेवायचं. पुराणातला कल्प ४३२ कोटींचा, तर ज्युरासिक कल्प जेमतेम साडेपाच कोटींचा: साधारण २० कोटी वर्षांपूर्वी सुरू, १४.५ कोटींपूर्वी समाप्त. पृथ्वीचं वय सुमारे ४५४ कोटी वर्षं, आणि ते ४३२ च्या जवळ दिसलं की 'पुराणांना हे ठाऊकच होतं' असे फॉरवर्ड लगेच फिरू लागतात. पण ज्या संकल्पाचा हवाला द्यायचा, तो नीट ऐकावा. एका कल्पात चौदा मन्वंतरं, आणि वैवस्वत हे त्यांतलं सातवं. पुराणाच्या हिशेबाने चालू कल्प अजून अर्धाही सरलेला नाही, त्याची १९७ कोटी वर्षंच झालीत. तेव्हा आकडे जुळवण्याच्या फंदात न पडता शब्द घ्यावा आणि पुढे जावं.

दुसरा फरक मला जास्त मजेचा वाटतो. पुराणातली युगं गणिताने कापलेली आहेत, एकास दोनास तीनास चार. भूशास्त्रातले कल्प आपल्या शिवकाल-पेशवाईसारखे आहेत. पेशवाई किती वर्षांची असावी हे कुणी आधी ठरवलं नव्हतं. राजवट बदलली तेव्हा ती संपली. इथे राजवट जीवांची. खडकाच्या थरांत वर वर येताना एका जातीचे जीवाश्म संपतात, दुसरे सुरू होतात, तिथे रेघ मारली. म्हणून ज्युरासिकनंतरचा क्रिटेशस कल्प जवळजवळ आठ कोटी वर्षांचा, सिल्युरियन अडीच कोटींच्या आतला, आणि आपला चालू चतुर्थ कल्प अवघा २५.८ लाखांचा. बहुतेक नावं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच पडली. क्रिटेशस १८२२ मध्ये, लॅटिनमधल्या खडूवरून. डेव्होनियन १८३९ मध्ये, इंग्लंडच्या डेव्हन परगण्यावरून. पर्मियन १८४१ मध्ये, रशियातल्या पर्मवरून. तेव्हा कुठला थर आधीचा आणि कुठला नंतरचा एवढंच कळत होतं. किती कोटी वर्षांपूर्वीचा, हे किरणोत्सारी मूलद्रव्यांच्या ऱ्हासावरून विसाव्या शतकात मोजता आलं. बारसं आधी झालं, जन्मतारीख नंतर सापडली!

महाकल्पांची नावं मात्र गावांवरून नाहीत, जीवांवरूनच आहेत: पुराजीव, मध्यजीव, नवजीव. पुराजीव संपला २५.२ कोटी वर्षांपूर्वी, समुद्रातल्या बहुसंख्य जाती नष्ट होऊन. मध्यजीव संपला ६.६ कोटी वर्षांपूर्वी, डायनोसॉरांसकट (पक्षी तेवढे उरले). ती दुसरी रेघ आपल्या पायाखालीच आहे. सह्याद्रीचा काळा पाषाण त्याच सुमाराचा. लाव्हाचे थर एकावर एक साचत असताना मध्येच कुठेतरी मध्यजीव संपून नवजीव सुरू झाला. म्हणून "ज्युरासिक काळातला सह्याद्री" असं कुठे वाचलंत तर खुशाल खोडा, बाईंसारखं.

मग युगाचं काय करायचं? माझं मत: ते कल्पाच्या खालच्या पायरीसाठी राखून ठेवावं, म्हणजे पोथीतली उतरंडही मोडत नाही. सध्याचं होलोसीन युग, त्याआधीचं प्लाइस्टोसीन युग. 'मानवयुग' हा शब्द तुम्ही वाचला असेल. त्या अँथ्रोपोसीनचा प्रस्ताव याच पायरीसाठी होता. भूशास्त्रज्ञांनी तो २०२४ च्या मार्चमध्ये फेटाळला, पण मराठी शब्द नेमक्या पायरीवर बसला होता. अश्मयुग, लोहयुग यांची गोष्ट निराळी. ती माणसाच्या हत्यारांवरून पाडलेली, त्यांचा या उतरंडीशी संबंध नाही.

युगाच्याही पोटात एक डबा असतो, त्याला 'काल' म्हणू. सध्या चालू आहे तो मेघालयन. सुमारे ४,२०० वर्षांपूर्वी सुरू झालेला हा काल २०१८ मध्ये मान्य झाला, मेघालयातल्या मॉमलूह गुहेत सापडलेल्या चुनखडीच्या एका खांबावरून. छतावरून ठिबकणाऱ्या पाण्याने थेंबाथेंबाने वाढलेल्या त्या खांबात पाऊस आटल्याची खूण मिळाली. म्हणजे भूशास्त्रज्ञ पूजेला बसला तर त्याचा संकल्प असा होईल: नवजीवमहाकल्पे, चतुर्थकल्पे, होलोसीनयुगे, मेघालयनकाले... पुढे गोत्र ज्याचं त्याने म्हणावं.

आता तक्त्याकडे. 'कल्प' करूनही मथळा अजून चुकतोच आहे. स्टेगोसॉरस ज्युरासिकमधला, सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा. टी-रेक्स क्रिटेशस कल्पाच्या अगदी शेवटाचा, ६.८ ते ६.६ कोटींचा. त्या दोघांमधलं अंतर टी-रेक्स आणि तुमची मुलगी यांच्यातल्या अंतरापेक्षा जास्त आहे. दोन्ही चित्रं ठेवायची असतील तर वर 'मध्यजीव महाकल्प' लिहा, आणि चित्रांखाली ज्याचा त्याचा कल्प.